आधी चूक निवडा, मग खेळ

दुसरीतल्या मुलाला "पंचवीस लिही" म्हटलं आणि त्याने ५२ लिहिलं, तर त्याने ऐकलं तेच लिहिलं आहे. आधी पाच ऐकू आला, मग वीस. आपली भाषा एकक आधी बोलते आणि लेखणी दशक आधी लिहिते. या चुकीवर गाणी, टाळ्या, रंगीत तक्ते यांतलं काहीच लागू पडत नाही, कारण त्यांतलं काहीच नेमक्या या जागी बोट ठेवत नाही.

गणित रंजक करायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी खेळ शोधतात आणि मग तो कुठल्या धड्याला चिकटवता येईल ते बघतात. हे उलट करावं. मुलं हमखास अडतात अशी एक चूक निवडावी. मग असं साहित्य शोधावं, की ती चूक करायला गेलं की हातातल्या वस्तूच ती होऊ देत नाहीत. मुलांना खरी मजा येते ती अंदाज चुकतो आणि का चुकला हे त्यांचं त्यांनाच दिसतं तेव्हा. म्हणून खाली दिलेल्या प्रत्येक कृतीला एकच अट आहे: आधी अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर दिसताच खोडला जातो, आणि मग बोलायला काही उरत नाही. पहिली-दुसरीत पेन नसतो, तिथे तेवढ्यापुरते खोडरबर बाईंच्या टेबलावर जमा करावेत.

हे सगळं नागपुरातला साधा वर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: चाळीस-पन्नास मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, आणि साहित्यासाठी जेमतेम पैसे.

काड्या, गठ्ठे आणि पंचवीस

संख्यांच्या नावांचा गुंता आपल्याकडे जरा जास्तच आहे, कारण इथली मुलं घरी एक आणि गल्लीत दुसरी भाषा बोलतात. ७९ म्हणजे मराठीत एकोणऐंशी, हिंदीत उन्यासी. इथवर दोन्ही भाषा ऐंशीतून एक काढतात. ८९ ला मात्र मराठी म्हणते एकोणनव्वद आणि हिंदी म्हणते नवासी. एक नव्वदातून एक काढते, दुसरी ऐंशीत नऊ घालते. ९९ ला मराठीसुद्धा आपला नियम सोडून सरळ नव्व्याण्णव म्हणते. इथे अडखळणारं मूल एकाच वेळी तीन नियम सांभाळत असतं, हे आधी आपण मान्य केलं पाहिजे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशा वाचनाची जोड दिली गेली आणि राज्यभर वाद झाला. माझ्या मते जुनी नावं सोडायचं कारण नाही. बाजारात आणि घरात तीच कानावर पडणार आहेत. पण पहिले तीन-चार महिने 'वीस आणि पाच, पंचवीस' असं जोडीने म्हणण्याचा फायदा फार मोठा आहे.

साहित्य म्हणून खराट्याच्या काड्या पुरतात. दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करा आणि टोकं फरशीवर घासून बोथट करा, नाहीतर बोटांना टोचतात. चार मुलांच्या गटाला ११० काड्या आणि १२ रबर बँड द्या. चाळीस मुलांच्या वर्गात दहा गट होतात, म्हणजे ११०० काड्या लागतात. पहिले दोन दिवस फक्त मोजून दहाचे गठ्ठे बांधायचे. इथे घाई होते: शिक्षक वेळ वाचवायला तयार गठ्ठे देतात. मग मुलांच्या लेखी गठ्ठा ही एक वेगळीच वस्तू होते, त्यात दहा काड्या आहेत हे हाताला कळलेलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी खेळ सुरू करा. एक मूल संख्या बोलतं, दुसरं काड्या मांडतं, तिसरं लिहितं आणि चौथं काड्यांकडे बघून लिहिलेलं तपासतं. दर चार संख्यांनंतर कामं बदलायची. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. चौघांनाही एकाच बाजूला, फळ्याकडे तोंड करून बसवा. समोरासमोर बसवलं की समोरच्या मुलाला तीच मांडणी ५२ दिसते, आणि जी चूक काढायची तीच तुम्ही पक्की करता. गट करून बसवण्याच्या उत्साहात हे हमखास विसरलं जातं.

याच काड्या वजाबाकीला उपयोगी पडतात. ४०३ − १५८ चं उत्तर ३५५ आलेलं दिसलं की समजावं, मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे: आठातून तीन, पाचातून शून्य, चारातून एक. इथे चार गट एकत्र करा, म्हणजे ४४० काड्या होतात. दहा गठ्ठ्यांना मोठा रबर बँड लावून शंभराचे चार गठ्ठे करा, शेजारी तीन सुट्या ठेवा आणि म्हणा, "यातून आठ सुट्या काढून दाखव." मूल दशकाचा गठ्ठा शोधतं, तो नसतोच. मग शंभराचा गठ्ठा सोडावा लागतो, त्यातून दहा गठ्ठे निघतात, त्यांतला एक सोडला की नऊ उरतात. 'शून्याचा नऊ होतो' हे वाक्य आपण मंत्रासारखं म्हणून घेतो. तो नऊ कुठून येतो हे इथे दिसतं. काड्या समोर असतानाच प्रत्येक पायरी वहीत लिहून घ्या. काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा झाला, तर मुलं या दोन गोष्टी एकमेकींशी जोडत नाहीत.

ही समज आल्यावर सराव लागतो, आणि पन्नास वजाबाक्यांचं पान कुणालाच आवडत नाही. त्यासाठी कापरेकरांचा ६१७४ आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये ही संख्या जगापुढे आणली. चारही अंक सारखे नाहीत अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि आली की तिथेच फिरत राहते. आठव्या पायरीपर्यंत पोचणाऱ्या मुलाची वजाबाकी कुठेतरी चुकली आहे, हे त्याचं त्यालाच कळतं. तपासायला तुम्ही लागत नाही, हीच या खेळाची खरी किंमत. एकच गोष्ट आधी सांगून ठेवा: उत्तरात पुढे शून्य आलं तरी ते लिहायचं. २१११ घेतली तर पहिलं उत्तर ०९९९ येतं. शून्य गाळलं की ९९९ − ९९९ = ० होतं आणि मूल म्हणतं, कापरेकर चुकले. शून्य ठेवलं की ८९९१, ८०८२, ८५३२ असं होत ६१७४ येतं. तिसरीला तीन अंकांनी सुरुवात करा, तिथे ४९५ येते.

पाऊण आणि एकोण यांतला ऊन

आपल्याकडचं मूल अपूर्णांकांचा धडा येण्याआधीच अपूर्णांक बोलत असतं. पाव किलो, पाऊण तास, सव्वाशे, दीडशे, अडीच हजार. जुन्या शाळांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाढ्यांसारखी पाठ असे. आपण हा सगळा साठा बाजूला ठेवतो आणि 'एक छेद चार' असं परकं काहीतरी सुरू करतो.

पहिल्या तासाला पुस्तक उघडूच नका. कॉटन मार्केटमध्ये भाजी घेताना ऐकू येणारे शब्द मुलांकडून गोळा करा आणि प्रत्येकाची संख्या करा: पाऊण तास ४५ मिनिटं, सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५. मग विचारा, पावणेतीन म्हणजे किती? बरीच मुलं ३.७५ लिहितील, कारण 'तीन' ऐकू येतो आणि 'पाऊण'ही ऐकू येतो. इथे शब्द फोडून दाखवा. पाऊण म्हणजे पाव ऊन, पाव कमी. एकोणतीसमध्ये जो 'ऊन' आहे तोच हा. एकोणतीस तिसाला एकाने कमी, पावणेतीन तिनाला पावाने कमी. दीड मीटरचा जाड दोरा ताणून बांधा, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ०, १, २, ३ च्या चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावा, आणि पावणेतीन, सव्वादोन, अडीच, दीड यांच्या चिठ्ठ्या मुलांना लावायला सांगा. चिमटा सरकवता येतो, म्हणून चुकीचं ओझं वाटत नाही. ज्याने ३.७५ लिहिलं होतं तो तीनच्या पुढे जायला लागतो, आणि दोरा तिथे संपलेला असतो.

बेरीज-वजाबाकीसाठी कागदी पट्ट्या घ्या, २४ सेंटिमीटर लांब आणि ३ रुंद. लांबी २४ च का? २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी तिला भाग जातो. ए-फोर कागदाची पूर्ण लांबी घेतली तर ती २९.७ निघते, तिसरा भाग ९.९ येतो आणि मोजपट्टीवर सगळा घोळ होतो. प्रत्येक मुलाला सहा पट्ट्या द्या: पूर्ण, अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश, षष्ठांश आणि अष्टमांश. १/२ + १/३ = २/५ ही जगभरची चूक आहे. लेकराला २/५ कापून दाखवू द्या: ९.६ सेंटिमीटर. अर्धी पट्टी १२ ची. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं! यानंतर षष्ठांशाची पट्टी घेऊन तीन तुकडे आणि दोन तुकडे जोडायला कुणी सांगावं लागत नाही.

गोल भाकरी किंवा केकची चित्रं मला या कामासाठी आवडत नाहीत. वर्तुळाचे अर्धे आणि पाव भाग हाताने नीट होतात, पण तीन सारखे भाग काढायला कोनमापक लागतो. मग अपूर्णांकाऐवजी चित्र काढण्यातच तास जातो.

ऋण संख्यांसाठी चिंचोके घ्या. उभे फोडले की एक बाजू काळी, एक पांढरी. काळी वर म्हणजे +१, पांढरी वर म्हणजे −१, आणि काळा-पांढरा मिळून शून्य. ३ − (−२) साठी तीन काळे मांडा आणि दोन पांढरे उचलायला सांगा. पांढरे नाहीतच! मग दोन शून्य-जोड्या आत घाला, किंमत बदलत नाही. दोन पांढरे उचला, पाच काळे उरतात. गटाला वीस अर्धे चिंचोके पुरतात.

हरवलेले दोन तुकडे

आठवीत (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² लिहिणारी मुलं सूत्र पाठ असूनही तसंच लिहितात. त्याची सुरुवात पाचवीत करावी, गुणाकारापासून. आलेख कागदावर २३ × १४ चा आयत काढा आणि तो २० + ३ व १० + ४ असा कापा. चार तुकडे होतात: २००, ८०, ३० आणि १२. बेरीज ३२२. उभ्या मांडणीतल्या गुणाकाराच्या दोन ओळी म्हणजे याच चार तुकड्यांच्या दोन जोड्या आहेत, हे शेजारी लिहून दाखवा. आठवीत तोच कागद, फक्त चौरस १३ × १३ चा आणि कापायचा १० + ३ वर. अंदाज लिहायला सांगितलं की बरेच जण १०९ लिहितात. मग १०० चा आणि ९ चा असे दोनच चौरस उचलून १३ च्या चौरसावर ठेवायला लावा. दोन जागा उघड्या राहतात, प्रत्येकी ३० ची. १६९ पूर्ण करायला ते दोन आयत शोधावेच लागतात, आणि सूत्रातलं २अब तेच आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचाही असा उपयोग होतो. तारखांचा कुठलाही २ × २ चौकोन घ्या आणि तिरके गुणाकार करा. फरक दरवेळी ७ येतो. ३ × ३ चा चौकोन घेतला तर कोपऱ्यांच्या तिरक्या गुणाकारांतला फरक २८ येतो आणि नऊही तारखांची बेरीज मधल्या तारखेच्या नऊपट असते. आधी चार-पाच महिन्यांत पडताळा घेऊ द्या, मग मधल्या तारखेला 'म' म्हणा. (म − ६)(म + ६) आणि (म − ८)(म + ८) विस्तारले की ६४ − ३६ = २८ समोर येतं. पडताळ्याआधी अक्षर आणलं की खेळ तिथेच संपतो.

संत्र्याची साल

गोलाचं पृष्ठफळ ४ × π (पाय) × त्रिज्येचा वर्ग, म्हणजे त्याच त्रिज्येच्या चार वर्तुळांएवढं. नववीच्या मुलांना यातला चार कुठून आला हे पटत नाही. कागदाचा सिलिंडर आणि शंकू उलगडून सपाट करून दाखवता येतो, गोल उलगडत नाही. पण आपल्या गावात यावर फार सुंदर उपाय आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, नखाने सहज सुटते. मोसंबी जास्त गोल असते खरी, पण तिची साल चिकटून बसते आणि सोलताना निम्मी आतच राहते.

पाच मुलांत एक संत्रं घ्या. देठाकडे मान निघालेली आणि हाताला पोचट लागणारी फळं घेऊ नका, त्यांची साल आतल्या गरापेक्षा बरीच मोठी असते. फळ कापायचं नाही. कापून कागदावर ठेवलं की ते दबून पसरतं, रसाने कागद ओला होतो आणि वर्तुळ मोठं निघतं. त्याऐवजी टेबलावर दोन जाड पुस्तकं उभी धरून संत्रं त्यांच्या मध्ये अडकवा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. आता हे अंतर कुठून मोजायचं, यातच सगळी मेख आहे. नागपुरी संत्रं वरून-खालून चपटं असतं. रुंदी ७ सेंटिमीटर असेल तर उंची ६ च्या आसपास भरते. फक्त रुंदी धरून वर्तुळं काढली तर साल चारऐवजी साधारण ३.६ वर्तुळं भरते. मग शिक्षक "जवळजवळ चार" म्हणून वेळ मारून नेतात आणि हुशार मुलांचा विश्वास उडतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मोजा आणि सरासरी घ्या. ७, ७ आणि ६ ची सरासरी ६.६७, म्हणजे त्रिज्या ३.३ सेंटिमीटर. या त्रिज्येने पाच वर्तुळं काढली की साल बरोबर चार वर्तुळांच्या आसपास संपते. वेळ असेल तर काही गटांना फक्त रुंदी घ्यायला सांगा आणि दोन्ही उत्तरांतला फरक मुलांनाच शोधू द्या. पृथ्वीही ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे तिथे आपोआप निघतं.

पाच वर्तुळं काढायची, चार नाही. चारच काढली तर उत्तर आधीच सांगितल्यासारखं होतं. अंदाज लिहून झाला की साल सोलून नखाएवढे, सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि पांढरी बाजू खाली ठेवून दाबून बसवा. मोठे तुकडे सपाट बसत नाहीत, कडा उचलतात आणि खाली फट राहते. तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत. हे सगळं त्याच तासात उरका, कारण साल वाळली की आक्रसते. भरणं, मोजणं आणि चर्चा मिळून तीस मिनिटं लागतात, म्हणून मोजमाप आणि वर्तुळं आदल्या दिवशी करून घेतलेली बरी. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतात. पृष्ठफळ-घनफळाचा धडा वर्षाच्या शेवटाला येतो, तेव्हा मृगाची संत्री बाजारात असतात.

उरलेलं फळ खाण्याआधी सहावी-सातवीला द्या. प्रत्येक गटाने फोडी आणि बिया मोजून फळ्यावर लिहायच्या. फोडींची संख्या फळागणिक थोडीच हलते, बियांची मात्र खूप. सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे या दोन स्तंभालेखांतून दिसतं.

बावीस डिसेंबरची सावली

उंची आणि अंतराचे प्रश्न मैदानावरच शिकवायचे असतात, आणि आपल्याकडे त्याला मुदत आहे. मार्चनंतर दुपारी मुलांना उन्हात उभं करणं योग्य नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ.

या विषयाचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा मोजून सुरू केलं. एक रेषा काटेकोर मोजायची आणि पुढे फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं, ही त्याची पद्धत. हे काम करत नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला.

त्याचीच पद्धत मैदानावर करता येते. पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक आणि मध्यभागी टाचणीवर फिरणारी शरबताची नळी, एवढंच साहित्य. दूरच्या खांबाचं अंतर काढायचं. पायारेषेच्या एका टोकावरून खांब काटकोनात दिसेल असं उभं राहा, दुसऱ्या टोकावरून कोन मोजा, आणि १ सेंटिमीटरला १ मीटर धरून वहीत आकृती काढा. पायारेषा फार लहान घेणं ही इथली नेहमीची चूक. खांब ३० मीटरवर असताना ३ मीटरची रेषा घेतली, तर कोनात एका अंशाची चूक होताच उत्तर २५ ते ३६ च्या दरम्यान कुठेही येतं. १५ मीटरची रेषा घेतली तर तीच एका अंशाची चूक उत्तराला २९ ते ३१ च्या आसपास ठेवते. दोन्ही करून बघा. उंची मोजताना हेच लक्षात ठेवा: कोन ४५ अंशांजवळ येईल अशा ठिकाणी उभं राहा. २० मीटरवरून ४५ अंशांना एका अंशाची चूक उंचीत सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक पाडते, त्याच अंतरावरून ६० अंशांना १.४ मीटरचा. आणि डोळ्यांची उंची उत्तरात मिळवायची. अर्धा वर्ग ती विसरतो.

आता २२ डिसेंबर. रामानुजन यांचा जन्मदिवस, २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन. शाळांत भाषणं होतात, रांगोळ्या काढतात. नागपूरच्या शाळांनी त्या दिवशी भर दुपारी मैदानावर जायला हवं. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४४ अंशांवर असतो. दोन्ही मिळवले की ४४.५९. म्हणजे मध्यान्हीला सूर्य डोक्यावरून जवळजवळ ४५ अंश कललेला असतो, आणि या शहरातल्या प्रत्येक उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. ४४.५९ अंशांचा टॅन (इथे सावली भागिले उंची) ०.९८६ आहे, तेव्हा एक मीटरच्या काठीची सावली ९८.६ सेंटिमीटर. पाचवीच्या मुलाने ध्वजस्तंभाची सावली टेपने मोजली की त्याला स्तंभाची उंची मिळाली, आकडेमोड नाही. आठवी-नववीने काठीशी गुणोत्तर लावायचं. सावली ७.१० मीटर असेल तर ७.१० भागिले ०.९८६, म्हणजे ७.२० मीटर. दहावीने उलट जायचं: सावलीवरून कोन काढून नागपूरचा अक्षांश शोधायचा.

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतात आणि नागपूर ७९.१ च्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटं धरून जवळजवळ चौदा मिनिटांचा उशीर होतो. शिवाय सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागे-पुढे होत असतो, त्याची त्या दिवसाची दीड-दोन मिनिटांची दुरुस्ती वजा केली की वेळ येते १२ वाजून १२ मिनिटं. ११:५५ पासून १२:३० पर्यंत दर पाच मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकावर खडूने खूण करा, सर्वांत आखूड सावली कधी पडली ते मुलांना स्वतःच सापडेल.

काठी उभी आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून दोन बाजूंनी तपासा. काठीची आणि खांबाची सावली पाच मिनिटांच्या आत मोजा. दहा मीटरच्या खांबाच्या सावलीचं टोक स्पष्ट दिसत नाही, तिथे पंधरा-वीस सेंटिमीटरची धूसर पट्टी असते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. पट्टीचा मध्य धरायचा. टाकीची उंची काढायची असेल तर सावली टाकीच्या भिंतीपासून मोजू नका, टाकीचं सर्वांत उंच टोक जमिनीवर ज्या जागेच्या बरोबर वर आहे तिथून मोजा.

आणि त्या दिवशी ढग आलेच, तर १२ डिसेंबर ते १ जानेवारी यांपैकी कुठलाही दिवस चालतो. सावली उंचीच्या ९७ टक्क्यांखाली जात नाही. फक्त मध्यान्हीची वेळ सरकते: १२ डिसेंबरला ती १२:०७ च्या सुमाराला, १ जानेवारीला १२:१७ च्या.